लाथ नको, जोर हवा: मुलांच्या पायांची ताकद मोजायची रीत

हातात धरायचा डायनामोमीटर, म्हणजे जोर मोजायचं यंत्र, मुलाच्या नडगीवर टेकवला, "मार धक्का" म्हटलं आणि पडद्यावर २१२ न्यूटन उमटलं. हा आकडा कुणाचा? मांडीच्या स्नायूचा आहेच. पण मोजणाऱ्याच्या कोपराचाही आहे, नडगीवर रुतलेल्या पॅडचाही आहे आणि पहिल्याच क्षणी बसलेल्या झटक्याचाही आहे. या बाकीच्या वाटेकऱ्यांना होता होईल तेवढं बाहेर काढायचं, आणि जे निघत नाहीत त्यांचा वाटा किती हे मोजून ठेवायचं. खालची रीत बडोद्यातल्या शाळा, आखाडे आणि फिजिओथेरपीचे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. तिला लागते एक रिकामी खोली, एक भक्कम टेबल आणि दोन माणसं: एक मोजणारा, एक लिहिणारा.

कुणाला, आणि कधी

पाच वर्षांखालच्या मुलाला "पूर्ण जोर लाव आणि धरून ठेव" हे कळतं, पण दर वेळी तसं करता येत नाही. म्हणून सुरुवात सहा-सातच्या पुढे करावी. धडधाकट मूल म्हणजे नुसतं आजारी नसलेलं मूल नव्हे. गेल्या सहा महिन्यांत पायाचं हाड मोडलेलं नसावं, गेल्या दोन आठवड्यांत ताप आलेला नसावा आणि आज कुठेही दुखत नसावं. गुडघ्याखालचा हाडाचा उंचवटा दाबल्यावर दुखत असेल, किंवा खेळून आल्यावर टाच दुखत असेल, तर ही वाढीच्या वयातली नेहमीची दुखणी असू शकतात; त्या पायाची चाचणी त्या दिवशी नको. दहा ते पंधराच्या दरम्यानचं मूल, विशेषतः वजनदार, लंगडत असेल आणि जांघेत किंवा गुडघ्यात दुखतं म्हणत असेल, तर यंत्र बाजूला ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचं डोकं सरकायला लागलं की दुखणं पुष्कळदा गुडघ्यातच जाणवतं.

पालकांची लेखी संमती घ्यावी आणि मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा. संशोधन म्हणून मोजत असाल तर आधी नैतिकता समितीची मंजुरी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात वर्षांपासून पुढे मुलाचा होकार वेगळा घ्यायचा असतो. आणि "नको" म्हणणारं मूल तसंही खरा जोर लावत नाही.

दिवस निवडताना बडोद्याचं पंचांग बघा. नवरात्रात इथली मुलं रात्री उशिरापर्यंत गरबा खेळतात, आणि दसऱ्यानंतर कोजागिरीचा गरबा असतोच. या काळात मोजलेली पोटरी आणि मांडी थकलेली असते. कोजागिरीनंतर तीन-चार दिवस जाऊ द्यावेत. उत्तरायणच्या आठवड्यातही गच्चीवरचं जागरण आणि धावपळ असते. एरवी नियम सोपा आहे: पीटीच्या तासानंतर लगेच नको, भरपेट डब्यानंतर लगेच नको, आणि त्याच मुलाला पुन्हा मोजायचं असेल तर वेळ तीच ठेवायची. सकाळी आठला मोजलेलं मूल दुसऱ्यांदा मे महिन्याच्या दुपारी तीनला पत्र्याच्या खोलीत मोजलं, तर फरक स्नायूचा की उकाड्याचा हे कुणीच सांगू शकणार नाही.

यंत्र आणि त्याची झाडाझडती

डायनामोमीटरवर सर्वाधिक जोर धरून ठेवायची सोय, म्हणजे पीक होल्ड, हवीच. एकक न्यूटन ठेवा. किलोग्रॅममध्ये दाखवणारं यंत्र असेल तर ९.८ ने गुणा. दर महिन्याला एकदा खात्री करा. किराणा दुकानातली तोलमाप खात्याचा शिक्का असलेली ५, १० आणि २० किलोची वजनं यासाठी उत्तम. पॅड वर करून यंत्र सपाट जागी घट्ट बसवा, वर छोटी फळी ठेवा, फळीसकट शून्य करा आणि वजन बरोबर मधोमध ठेवा. ४९, ९८ आणि १९६ न्यूटन दिसायला हवेत. दोन टक्क्यांहून जास्त चूक असेल तर यंत्र दुरुस्तीला. वजन जरा कडेला सरकवूनही पाहा. आकडा बदलला तर पॅड तिरका टेकवल्यावर काय होईल ते समजलं. काही यंत्रं आडवी-उभी केली की पॅडच्या स्वतःच्या वजनानेच दोन-तीन न्यूटन दाखवतात. म्हणून ज्या स्थितीत मोजणार, त्याच स्थितीत शून्य करावं.

स्वस्तात काम करायचं तर हुकवाला डिजिटल वजनकाटा आणि न ताणणारा नायलॉनचा पट्टा चालतो. पण प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा घेऊ नका. आकडा स्थिर झाला असं त्याला वाटलं की तो तिथेच गोठतो, आणि मूल अजून जोर वाढवत असतं. पट्ट्याऐवजी सुती नाडी किंवा ओढणीही नको. ती ताणली जाते आणि तेवढ्यात गुडघ्याचा कोन बदलतो.

याशिवाय: शिंप्याची टेप, कोनमापक, वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, एक पातळ टॉवेल, स्केच पेन, स्टॉपवॉच. मुलाने खेळाची अर्धी चड्डी घालावी आणि मोजे काढावेत. जीन्सवर पॅड घसरतो.

मांडीचा पुढचा स्नायू: इथेच सगळ्यात जास्त चुकतं

मुलाला टेबलावर असं बसवा की पाय जमिनीला टेकणार नाहीत आणि टेबलाची कड व गुडघ्यामागची बाजू यांत तीन बोटं अंतर राहील. मांडीखाली घडी केलेला टॉवेल, मांडी आडवी, गुडघा ९० अंशांत. या स्थितीचा एक फायदा सहसा सांगितला जात नाही: नडगी सरळ खाली लोंबत असते, त्यामुळे पायाच्या स्वतःच्या वजनाची वजाबाकी करावी लागत नाही. गुडघा ३० अंशांवर धरून मोजाल तर ती करावी लागते, आणि बहुतेक जण विसरतात.

हात छातीवर घडी घालून ठेवायचे की टेबलाची कड धरायची, हे आधीच ठरवा. कड धरली की जोर जास्त लागतो. दोन्ही चालतं, एका मुलाने धरायची आणि दुसऱ्याने नाही, हे मात्र चालत नाही. टेबलाची मागची बाजू भिंतीला टेकवून ठेवा. शाळांच्या गुळगुळीत कोटा फरशीवर टेबल सरकतं, आणि सरकलेला प्रत्येक सेंटीमीटर आकड्यातून वजा होतो.

पॅडची जागा: घोट्याच्या हाडाच्या वरच्या टोकापासून दोन बोटं वर, नडगीच्या पुढच्या बाजूला. तिथे स्केच पेनने रेघ मारा. नडगीच्या धारदार हाडावर कडक पॅड रुतला की मूल ताकद संपायच्या आधी दुखण्यामुळे थांबतं. वक्र पॅड वापरा किंवा पातळ टॉवेलची एक घडी ठेवा, पण सर्व मुलांसाठी तोच टॉवेल आणि तेवढीच घडी.

आता टेप. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सांध्याची फट बोटाने शोधा, मुलाला पाय थोडा हलवायला सांगितलं की ती लगेच लागते. तिथपासून पॅडच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. ही तरफेची भुजा. समजा ती २६ सेंटीमीटर, म्हणजे ०.२६ मीटर, आणि जोर १८० न्यूटन. दोन्हींचा गुणाकार म्हणजे टॉर्क, सांध्याभोवती फिरवणारा जोर: ४६.८ न्यूटन-मीटर. मुलाचं वजन २८ किलो असेल तर दर किलोला १.६७. नुसते न्यूटन लिहून ठेवणं ही जुनी आणि पसरलेली चूक आहे. पॅड २ सेंटीमीटर वर सरकला तर तेवढ्याच ताकदीच्या मुलाचे न्यूटन आठ टक्क्यांच्या आसपास वाढतात. आणि मूल वर्षभरात ५-६ सेंटीमीटर उंच झालं की भुजाही लांबते. म्हणजे स्नायू वाढूनही न्यूटन जेमतेम तेवढेच दिसतात.

मोजायची पद्धत दोनपैकी एक असते. पहिलीत मोजणारा हात स्थिर ठेवतो आणि मूल ढकलतं. दुसरीत मोजणारा हळूहळू जोर वाढवत मुलाचा पाय मागे लोटतो आणि पाय हलायच्या क्षणी थांबतो. दुसरीत आकडा मोठा येतो, कारण ताणला जात असताना स्नायू जास्त जोर पेलतो. मुलांसाठी पहिलीच घ्यावी: दुखण्याचा धोका कमी, मोजणाऱ्याचा हस्तक्षेपही कमी. पण "हात स्थिर ठेवतो" हे म्हणायला सोपं. दहा-अकराचं मल्लखांब करणारं मूल मांडीने एवढं ढकलू शकतं की सडपातळ मोजणाऱ्याचं कोपर वाकतं, आणि मग कागदावर मोजणाऱ्याची ताकद येते. सगळ्या तगड्या मुलांचे आकडे एकाच उंचीवर अडकलेले दिसले तर ही त्याची खूण समजा. स्वतःची मर्यादा शोधायची असेल तर यंत्र भिंतीला टेकवा, ज्या बैठकीत मोजता त्याच बैठकीत पाच सेकंद स्थिर जोर धरा. मुलाचा आकडा त्याच्या तीन चतुर्थांशावर गेला की हात सोडा आणि पट्टा घ्या.

पट्ट्याची मांडणी अशी: घोट्याभोवती रुंद पट्टा, त्याला वजनकाटा किंवा यंत्र, दुसरं टोक टेबलाच्या मागच्या पायाला, घोट्याच्याच उंचीवर. पट्टा नडगीशी काटकोनात आणि जमिनीला समांतर असायला हवा. २० अंश तिरपा असेल तर तेवढ्याच ताकदीला काटा सहा टक्के जास्त दाखवतो, ३० अंशांना पंधरा टक्के. ढिलाई आधी काढून घ्या. पट्टा सैल असला की मूल पायाला हिसका देतं.

आणि हिसका हाच या चाचणीचा मुख्य चोर. मुलाला "जोर लाव" म्हटलं की ते लाथ मारतं. पीक होल्ड ती लाथ पकडून ठेवतो. पहिल्या दोन सेकंदांत हळूहळू वाढ, नंतर तीन सेकंद धरून ठेवणं, अशा पाच सेकंदांच्या प्रयत्नाची आधी दोनदा अर्ध्या जोराने तालीम घ्या. लिहिणाऱ्याने पडद्याकडे बघावं: सुरुवातीलाच आकडा उडून वर गेला आणि मग खाली बसला, तर तो प्रयत्न बाद. मुलाने श्वास कोंडला, मागे रेलून कुल्ला उचलला, तरी बाद.

बाकीचे स्नायू

मुलाला सारखं उलटं-पालटं करू नका. बसून जे आहे ते आधी, मग पाठीवर, मग पोटावर. उजवा पाय विश्रांती घेतो तेव्हा डावा मोजा. प्रत्येक बाजूला तीन प्रयत्न, त्याच पायाच्या दोन प्रयत्नांमध्ये किमान ३० सेकंद. चार स्नायुगट आणि दोन्ही पाय धरले तर चोवीस प्रयत्न होतात, अर्ध्या तासात आटोपतात. त्याहून लांबवलं की मुलं कंटाळतात, आणि कंटाळा आकड्यात थकव्यासारखाच दिसतो.

पाठीवर झोपवून खुब्याची बाहेर ढकलायची ताकद: दोन्ही पाय सरळ, पॅड बाहेरच्या घोट्याच्या वर, भुजा खुब्याच्या बाहेर हाताला लागणाऱ्या हाडापासून. पाय चादरीवर घासतो म्हणून खाली गुळगुळीत कापड ठेवा. गुडघ्याची वाटी छताकडेच राहिली पाहिजे. पाऊल बाहेर वळलं की पुढचे स्नायू मदतीला येतात. दुसरा पाय आणि कंबर लिहिणाऱ्याने धरावी.

पाऊल वर उचलायची ताकद: टाच टेबलाच्या कडेबाहेर, घोटा काटकोनात, पॅड बोटांच्या मुळांच्या जरा मागे पावलाच्या पाठीवर. मुलं बोटंच आधी वर करतात. "बोटं झोपलेली, फक्त पाऊल उठलं" असं सांगितलं की बहुतेकांना जमतं.

मांडीचा मागचा स्नायू पोटावर झोपवून, गुडघा ९० अंश, पॅड टाचेच्या वर मागच्या बाजूला. इथेही पाय उभा असल्याने वजनाची वजाबाकी लागत नाही. कंबर वर उचलली जाते, ती पट्ट्याने बांधा. या स्थितीत पेटके येतात. आले तर पाय सरळ करून ताणून द्या, तो प्रयत्न खोडा आणि दोन मिनिटं थांबा.

पोटरीसाठी हातातलं यंत्र वापरूच नका. निरोगी मुलाची पोटरी एका पायावर अख्खं शरीर उचलते, तुमच्या तळहाताचा तिथे काय पाड! एका पायावर उभं करा, बोटांची टोकं भिंतीला, गुडघा सरळ. मेट्रोनोम, म्हणजे ठरल्या गतीने ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६०, एका ठोक्याला टाच वर, दुसऱ्याला खाली. टाच पहिल्या वेळेइतकी उंच जात नाही, गुडघा वाकतो किंवा मूल भिंतीवर रेलतं, तिथे मोजणी थांबते. उंचीसाठी पहिल्या उचलीत डोक्याला टेकेल अशी आडवी दोरी बांधावी. हा दमाचा आकडा आहे, कमाल ताकदीचा नव्हे. तक्त्यात वेगळ्या रकान्यात लिहावा.

मुलाशी काय बोलायचं

बडोद्यात एका वर्गात घरी मराठी, शाळेत गुजराती आणि पाठ्यपुस्तक इंग्रजी अशी मुलं असतात. सूचना मुलाला सोयीच्या भाषेत द्या, पण ती लिहून, पाठ करून, दर वेळी अक्षरशः तशीच. मराठीत: "तयार? हळूहळू जोर वाढव... लाव, लाव, लाव, लाव... सोड." गुजरातीत: "तैयार? धीमे धीमे जोर वधार... लगाव, लगाव, लगाव, लगाव... छोड." दोन्हीत शब्दांची संख्या आणि चाल जवळजवळ सारखी आहे, ते मुद्दामच. आवाज चढला की जोर चढतो, म्हणून आवाजाची पट्टीही ठरलेली हवी. एका मुलाला "शाबास रे वाघा" आणि दुसऱ्याला नुसतं "हं" असं करू नका.

पडदा मुलाला दाखवायचा का? दाखवला तर बहुतेक मुलं पुढच्या वेळी जास्त जोर लावतात. दाखवा किंवा दाखवू नका, पण सगळ्यांना सारखं. मित्रांची रांग दाराबाहेर ठेवा. टाळ्या पडल्या की चाचणीची स्पर्धा होते. शाळेतल्या बेन किंवा सर खोलीत बसलेले असतील तर त्यांनी गप्प बसावं, ही विनंती आधीच करून ठेवलेली बरी.

आकडे आल्यावर

तीन प्रयत्न एकमेकांच्या दहा टक्क्यांत असावेत. नसतील तर चौथा, फार तर पाचवा घ्या, आणि एकमेकांना सर्वांत जवळचे तीन ठेवा. मग तिघांची सरासरी लिहा. सर्वांत मोठा आकडा घेण्याची पद्धतही आहे, पण तिच्यात एक खोट आहे: ज्याला पाच संधी मिळाल्या त्याचा मोठा आकडा तीन संधीवाल्यापेक्षा आपोआप मोठा निघतो.

आता विश्वासार्हतेचा हिशेब. एका वयोगटातली निदान तीस मुलं घ्या आणि त्याच माणसाने पाच ते सात दिवसांनी पुन्हा मोजा. पहिल्या दिवसाचा कागद दुसऱ्या दिवशी मोजणाऱ्याच्या हाती पडू देऊ नका. प्रत्येक मुलाचा दुसरा वजा पहिला फरक काढा. फरकांची सरासरी शून्याच्या पुष्कळ वर असेल तर मुलं पहिल्या दिवशी शिकत होती. तालमीचा दिवस वेगळा ठेवायला हवा होता. फरकांच्या प्रमाण विचलनाला, म्हणजे ते किती पांगलेत त्याच्या मापाला, १.४१ ने भागलं की एका मोजणीची प्रमाणित चूक मिळते, आणि त्याच विचलनाला १.९६ ने गुणलं की तो किमान बदल मिळतो, ज्याच्या आतला फरक खरा बदल म्हणता येत नाही. साध्या एक्सेलमध्ये दोन ओळींचं काम.

लोक मात्र इंट्राक्लास सहसंबंधाचा आकडा (दोन्ही दिवसांच्या मोजण्या किती जुळतात हे सांगणारा; १ म्हणजे पूर्ण जुळणी) दाखवून मोकळे होतात: "०.९९ आला, उत्तम!" तो फसवा असू शकतो. समजा प्रमाणित चूक २.८५ न्यूटन-मीटर आहे. एकाच इयत्तेतल्या मुलांत विचलन ९ असेल तर सहसंबंध ०.९० येतो. सहा ते पंधरा वर्षांची मुलं एकत्र केली आणि विचलन २५ झालं, तर तीच चूक, तेच हात, तेच यंत्र आणि सहसंबंध ०.९९. मोजणी तसूभरही सुधारलेली नाही, फक्त मुलं एकमेकांपासून लांब पांगली. दोन्हीकडे किमान बदल साधारण ८ न्यूटन-मीटरच आहे. म्हणजे ४६.८ चं मूल तीन महिन्यांच्या सरावानंतर ५२ वर गेलं, तर त्या एकट्या मुलाबद्दल "ताकद वाढली" असं म्हणायला हा पुरावा पुरत नाही. अख्ख्या गटाची सरासरी तेवढी सरकली तर गोष्ट वेगळी.

दोन मोजणारे असतील तर त्यांनी त्याच दिवशी, चिठ्ठी टाकून ठरलेल्या क्रमाने, एकमेकांचे आकडे न बघता मोजावं. त्यांच्यातला फरक ताकदवान मुलांत वाढत जातो का, हे आलेखावर पाहा: आडव्या अक्षावर दोघांची सरासरी, उभ्यावर फरक. उजवीकडे ठिपके एका बाजूला झुकले की दोघांपैकी एकाचं कोपर वाकतंय.

वजनाने भागलेला आकडा वाचतानाही जपून. जाड मुलाच्या मांडीत न्यूटन-मीटर बहुधा जास्तच असतात, पण वजनाने भागलं की ते दुबळं दिसतं. दोन्ही रकाने ठेवा. बारा वर्षांच्या दोन मुलांत एकाची वयात येण्याची वाढ सुरू झालेली आणि दुसऱ्याची नाही, असं सर्रास असतं. म्हणून जन्मतारखेसोबत उभी आणि बसलेली उंचीही नोंदवा. परदेशी तक्त्यांतले आकडे लावण्यापूर्वी त्यांची स्थिती, पॅडची जागा आणि पद्धत तुमच्यासारखीच होती का ते तपासा. पाय मागे लोटून काढलेल्या तक्त्याशी तुमची तुलना केली तर बडोद्याची सगळी पोरं अशक्त निघतील.

नोंदीच्या कागदावर एवढे रकाने हवेतच: तारीख, वेळ, खोली, मोजणाऱ्याचं नाव, यंत्राचा क्रमांक, सूचनेची भाषा, चेंडू मारायचा पाय कोणता, भुजा, तिन्ही प्रयत्न, आणि बाद केलेले प्रयत्न कारणासकट. शेवटचा रकाना रिकामा असलेले तीस कागद कुणी आणून दिले, तर एक तर मुलं देवदूत होती किंवा लिहिणारा बघत नव्हता.